बी-२७५ ट्रॅक्टरचं इंजिन ओढायच्या स्पर्धेसाठी बांधायचंय, पिस्टन कुठले टाकू आणि कनेक्टिंग (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे) जुनेच चालतील का?

वाळव्याचा_पोरगा

राम राम मंडळी. आमच्या आज्जाचा महिंद्राचा बी-२७५ आहे, जुना, ज्याच्यावर इंटरनॅशनलचं नाव असायचं तो. आज्जानं त्यावर ऊस ओढला, मग वडिलांनी मळणीला वापरला, आणि नंतर दहा-बारा वर्षं तो गोठ्याशेजारच्या शेडमध्ये नुसता उभा होता, स्टिअरिंगवर कोंबड्या बसायच्या. मागच्या वर्षी शेजारच्या गावात जत्रेला जुन्या ट्रॅक्टरची ओढायची स्पर्धा झाली, दगड भरलेली ट्रॉली नांगरटीतनं ओढायची, जो लांब नेईल तो पहिला. तेव्हापासून डोक्यात किडा बसलाय.

हेड काढलंय. चारही लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळ्यांना) वरच्या बाजूला पायरी पडलीय, नख अडकतंय. पिस्टनची वरची रिंग खाचेत खुळखुळ हलतीय. बिग एंडचे, म्हणजे कनेक्टिंगच्या खालच्या मोठ्या टोकाचे, बेअरिंग शेल काढले तर एक-दोन-चार ठीक दिसतायत पण तीन नंबरचा शेल एकाच कडेला चकचकीत आणि दुसऱ्या कडेला काळा.

आता दुकानदार तीन पर्याय सांगतोय. एक, साधा स्टँडर्ड लायनर-पिस्टन सेट. दोन, २७५ डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) ट्रॅक्टरचे पिस्टन, म्हणतोय "त्येच बसतंय, उलट डीआय हाय म्हणजे ताकद जास्त". तीन, साडेतीन इंची मोठा बोअर करून मोठे पिस्टन. आणि आमचा मिस्त्री म्हणतोय पिस्टन कुठलेबी टाक, खरी गंमत गव्हर्नरमध्ये (इंजिनचे आरपीएम आवरणारा भाग) हाय, दोन हजाराचे अठ्ठावीसशे आरपीएम करून देतो. कनेक्टिंगबद्दल विचारलं तर म्हणाला लोखंड हाय, त्याला काय होतंय.

बजेट फार नाही, पण घरचा ट्रॅक्टर आहे, फोडायचा नाही. सांगा काय करू.

शिराळ्याचा_भाचा

पहिलं काम कोंबड्या उतरव 😄

आणि मोठे पिस्टन टाक की सरळ. अमेरिकेत अँटिक क्लासला सगळे तेच करतात, व्हिडिओ बघ, फार्मॉल एम या तिकडच्या जुन्या ट्रॅक्टरला सुपर एम चे चार इंची पिस्टन टाकतात आणि ट्रॅक्टर पुढून उचलतोय नुसता.

कराड_बोअरिंग

पोरा, आधी एक सांग. तुझ्या हेडमध्ये हीटर प्लग आहेत का? आणि काढलेल्या पिस्टनचं डोकं कसं आहे, जवळपास सपाट आहे की मधी वाटीसारखा खोल खड्डा आहे? फोटो नसला तरी चालेल, बोट घालून बघ आणि सांग. त्याशिवाय डीआय च्या पिस्टनचा विषयच काढू नको. आणि दुकानदाराला पैसे दिले नसशील अशी आशा करतो.

वाळव्याचा_पोरगा

अण्णा, हीटर प्लग चार आहेत. पिस्टनचं डोकं सपाटच म्हणायचं, किंचित खोलगा आहे पण वाटी नाही. ॲडव्हान्स दिलाय डीआय सेटचा 😐

कराड_बोअरिंग

मग झालं. तुझं इंजिन जुन्या पद्धतीचं, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही, हेडमधल्या छोट्या खोलीत पडतं, तिथं पेटतं आणि जाळ तोंडातनं खाली येतो. हवा दाबली जाते ती बरीचशी त्या खोलीत जाऊन बसते, म्हणून पिस्टन सपाट. डीआय मध्ये ती खोली हेडमध्ये नसतेच, ती पिस्टनच्या डोक्यात असते, तीच ती वाटी. आता तू वाटीचा पिस्टन घेऊन खोलीवाल्या हेडखाली लावलास तर दोन खोल्या झाल्या. हवा दाबणार कुठं? सकाळी सेल्फ मारत बसशील, बॅटरी उतरेल, पांढरा धूर येईल, आणि मग लोक म्हणणार पंप खराब, नोझल खराब. अशा दोन गाड्या मी स्वतः उघडल्यात. दोन्हीला पंपाचं काम आधीच करून झालेलं, पैसे जाऊन आणि चूक तिथंच.

पिन बसतीय आणि व्यास जुळतोय म्हणून पिस्टन बसला असं होत नाही. तीन गोष्टी बघायच्या: डोक्याचा आकार, पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची, आणि रिंगांची जाडी. उंची अर्धा मिलिमीटर कमी निघाली तरी डिझेलला फरक पडतो, जास्त निघाली तर हेडला ठोकतं. आणि ठोकलं की मग कनेक्टिंगचा विषय निघतोच.

ओगलेवाडी_डिझेल

अण्णा बरोबर आहेत, फक्त आकड्यात सांगतो म्हणजे दुकानदाराशी भांडताना उपयोगी पडेल.

बी-२७५ चं बीडी-१४४ इंजिन म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ पूर्णांक ३/८ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ४ इंच, मिलिमीटरमध्ये साधारण ८५.७ आणि १०१.६. चार सिलिंडरचे मिळून २,३४५ सीसी, म्हणजे एका सिलिंडरला ५८६ सीसी. खोलीवाल्या इंजिनला कॉम्प्रेशन जास्त लागतं, आपण हिशोबाला २० धरू, म्हणजे हवा विसाव्या भागात दाबायची. म्हणजे पिस्टन वर गेल्यावर उरलेली जागा ५८६ भागिले १९, जवळपास ३१ सीसी. आता डीआय पिस्टनच्या वाटीत ३० सीसी जागा आहे असं धरा. ३१ चे झाले ६१. परत भागा, कॉम्प्रेशन साडेदहाच्या आसपास आलं. साडेदहावर डिझेल पेटत नाही, ते पेट्रोल इंजिनचं कॉम्प्रेशन झालं. मापट्यात पाणी भरून तुमच्या वाटीचे खरे सीसी मोजता येतात, मेडिकलमधली सिरिंज घ्या आणि वरून काच ठेवा, पाच मिनिटाचं काम.

साडेतीन इंची बोअरचं म्हणाल तर आकारमान ७ ते ८ टक्के वाढतं, २,३४५ चे २,५२२ होतात. साडेतीन बाय चार हे माप इंटरनॅशनलनं पुढं बीडी-१५४ मध्ये वापरलंय, म्हणून दुकानदाराच्या डोक्यात ते आहे, तो हवेत बोलत नाही. पण तुमच्या ब्लॉकमध्ये लायनर काढल्यावर भिंत किती उरते ते मोजल्याशिवाय हात घालू नका. साठ वर्षं पाणी खाल्लेला ब्लॉक आहे, आतून गंज किती ते वरून दिसत नाही. सात टक्क्यांसाठी ब्लॉक गमावणं मला पटत नाही. तेवढी ताकद नवीन लायनर, नीट बसलेल्या रिंगा आणि दुरुस्त नोझल यांतूनच परत येते, कारण आत्ता तुमच्याकडं ती गेलेली आहे.

शिराळ्याचा_भाचा

मग अमेरिकावाले येडे आहेत का?

ओगलेवाडी_डिझेल

येडे नाहीत, त्यांचं इंजिन वेगळं. फार्मॉल एम पेट्रोलवाला आहे, बोअर ३ पूर्णांक ७/८, स्ट्रोक सव्वापाच, २४८ घनइंच. सुपर एम ला तोच स्ट्रोक आणि ४ इंच बोअर, २६४ घनइंच. पुढं फार्मॉल ४५० ला ४ पूर्णांक १/८ बोअर. एकाच घराण्यातली इंजिनं आहेत, त्यामुळं तिकडं पिस्टन इकडून तिकडं जातात. शिवाय त्या काळात एम रॉकेलसारख्या स्वस्त इंधनावर चालणारा पण यायचा, त्याला मुद्दाम कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन असायचे. तशा इंजिनला उंच डोक्याचे पिस्टन टाकले की लगेच फरक दिसतो, कारण कंपनीनंच जागा सोडलेली होती. डिझेलमध्ये तशी सोडलेली जागा नसते. तिथं कॉम्प्रेशन आधीच वर आहे, अजून वाढवलं तर ताकद वाढत नाही, हेड गॅसकेट जाते.

आता कुणी फोर्ज (ठोकून घडवलेल्या) पिस्टनचं विचारेल, त्याचं पण तेच. व्हिडिओत बघून विचारू नका. फोर्ज मजबूत असतो पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून बोअरमध्ये ढिला ठेवावा लागतो, थंडीत खडखडतो. बिनटर्बोच्या ३५ हॉर्सपॉवरच्या गाडीला चांगला ओतीव पिस्टन पुरतो. फक्त वरच्या रिंगेच्या खाचेत लोखंडी पट्टी बसवलेला मिळाला तर तो घ्या. तुमची वरची खाच खुळखुळली ना, ती ॲल्युमिनियमची खाच रिंगेनं खाल्लीय. चुंबक लावून बघा, पट्टी असेल तर चिकटतं.

तासगाव३५

मी जरा माझं सांगतो, कारण इथं सगळे पिस्टनवर बोलायलेत आणि मला लागलंय कनेक्टिंगनं.

माझी मॅसी ३५, पर्किन्स तीन सिलिंडर, ३.६ इंच बोअर आणि ५ इंच स्ट्रोक, १५२ घनइंच म्हणजे अडीच लिटर. तीन वर्षांपूर्वी इंजिन बांधलं, लायनर नवे, पिस्टन नवे, रिंगा चांगल्या, शेल नवे. कनेक्टिंग जुने आणि बोल्ट पण जुनेच, कारण मिस्त्री म्हणाला आटं चांगलं हायत. गव्हर्नर थोडा वर घेतला. स्पर्धेत ट्रॉली जोरात निघाली, वीस-पंचवीस मीटर गेली, आणि मधी एक ओला पट्टा होता, पाटाचं पाणी फुटलेलं. चाक घसरलं. घसरलं की ओझं गेलं, ओझं गेलं की इंजिन एकदम वर गेलं, मी पाय काढेपर्यंत ठाण ठाण ठाण असा आवाज आणि मग शांत. खाली उतरून बघतोय तर ब्लॉकच्या डाव्या अंगाला बशीएवढं भोक आणि त्यातनं कनेक्टिंगचं टोक बाहेर आलेलं, मातीवर तेल सांडतंय आणि त्या तेलात बोल्टचा अर्धा तुकडा पडलेला. बोल्ट गळ्याशी लांबट होऊन तुटला होता, पेन्सिलचं टोक काढावं तसा.

पोरं व्हिडिओ काढत होती. माझा बाप एवढंच म्हणाला, "ऊस वाहताना असं कधी झालं नाही."

खरंच नाही झालं. चाळीस वर्षं दोन-दोन ट्रॉल्या ओढल्या कारखान्याला, तेव्हा नाही तुटला. ओझ्यानं नाही तुटला, ओझं सुटल्यावर तुटला.

ओगलेवाडी_डिझेल

तासगावकर, हे तुम्ही जे शेवटी लिहिलंय तेच मूळ आहे. लोकांना वाटतं कनेक्टिंग ओढून-ओढून तुटतो. डिझेल पेटल्यावर कनेक्टिंगला दाब बसतो, बी-२७५ च्या बोअरवर ७० बार धरले तर चार टनाच्या आसपास, पण तो दाबायचा भार आहे. दाबायला कनेक्टिंगचा दांडा भक्कम असतो आणि बोल्टला त्यातलं जवळपास काही लागत नाही.

ताण येतो तो धूर बाहेर टाकायच्या फेरीत. पिस्टन वर पळत येतो, वर दाबून धरायला हवा नाही, आणि क्रँक त्याला खाली खेचते. तेव्हा सगळं वजन त्या दोन बोल्टवर. पिस्टन, पिन, रिंगा आणि कनेक्टिंगचं वरचं टोक मिळून दीड किलो धरा. २,००० आरपीएमला खेच येते सव्वाचारशे किलोच्या आसपास. २,८०० ला ती सव्वाआठशेच्या पुढं जाते. आरपीएम दीडपट पण नाही झाले, खेच दुप्पट. आणि चाक घसरून ३,२०० ला गेलं तर अकराशे किलोच्या आसपास. मिस्त्रीची "गव्हर्नरमधली गंमत" ती ही.

आणि ती रेस करून हाताला लागतं काय? ओढायला टॉर्क (फिरवायचा जोर) लागतो, तो या इंजिनांना खालच्या आरपीएमलाच मिळतो. गिअर एक खालचा टाका, आरपीएम आहे तिथं ठेवा.

कराड_बोअरिंग

आता कनेक्टिंगचं काम नीट सांगतो, कारण पोरानं ते तीन नंबरच्या शेलचं लिहिलंय आणि कुणी त्याच्याकडं बघितलं नाही.

शेल एका कडेला चकचकीत आणि दुसऱ्या कडेला काळा म्हणजे कनेक्टिंग वाकडा. शंभर टक्के नाही म्हणत, क्रँक पण तिरकी घासलेली असू शकते, पण एकाच सिलिंडरला आहे म्हणजे आधी कनेक्टिंग बघायचा. त्या पिस्टनच्या बाजूला पण बघ, पिनच्या वर एका अंगाला आणि खाली दुसऱ्या अंगाला घासल्याची खूण असणार. पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि कुणी ढकलस्टार्ट केलं की असं होतं. शेडमध्ये उभा होता ना, सायलेन्सरवर डबा घातला होता का?

बघायचं असं. वरच्या बुशमध्ये पिन, खाली बिग एंडमध्ये मँड्रेल (मापाचा सरळ दांडा), आणि सरफेस प्लेटवर (सपाट पाट्यावर) डायल गेज लावून दोन्ही समांतर आहेत का ते बघायचं. सहा इंचात एक-दोन थाऊपर्यंत ठीक (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्याच्या वर गेला तर वाकडा. पीळ पण बघायचा, तो आडव्या बाजूनं दिसतो. वाकडा थोडा असेल तर प्रेसवर सरळ करणारे आहेत, मी पण करायचो, पण स्पर्धेच्या गाडीला मी सरळ केलेला देत नाही. दुसरा आण.

मग चीर. मॅग्नेटवर तपासणी करून मिळते, एमआयडीसीत कुणाकडं ना कुणाकडं असतंच ते मशीन. नसलं तर आपली जुनी पद्धत: कनेक्टिंग धुवून रॉकेलमध्ये रात्रभर ठेवायचा, कोरडा पुसायचा, खडूची पूड किंवा चुना लावायचा. चीर असली तर तिच्यातनं रॉकेल झिरपतं आणि चुन्यावर केसासारखी काळी रेघ उमटते. बोल्टच्या भोवती आणि बुशच्या खाली मुद्दाम बघ. दांड्यावर हातोड्याचा किंवा पान्याचा आडवा ओरखडा दिसला तर तो कानशीनं आणि मग पॉलिश पेपरनं लांबीच्या दिशेनं घालव. आडवा ओरखडा म्हणजे चिरेचं बी.

बोल्ट नवेच. नट पण नवे. यावर मी वाद घालत नाही. नवे बोल्ट टाकल्यावर कॅप लावून, टॉर्क देऊन बिग एंड गोल आहे का ते बोअर गेजनं मोजायचं. जुना बिग एंड अंड्यासारखा झालेला असतो, उभ्यात मोठा. मग कॅपची तोंडं किंचित घासून परत होन करतात. कॅपवरचे नंबर एका बाजूला जुळले पाहिजेत, दोन नंबरची कॅप तीन नंबरला गेली तर सगळं केलेलं वाया.

क्रँक घासायला देणार असशील तर घासणाऱ्याला सांग, कडेचा गोलावा राखून घास. काही जण कोपरा चौकोनी करतात, क्रँक तिथूनच तुटते.

तासगाव३५

वजनाचं पण सांगा अण्णा. माझ्या दुसऱ्या वेळच्या इंजिनला आम्ही ते केलं आणि थरथर इतकी कमी झाली की बोनेटवरचा पेला हलत नाही. आमचे पाव्हणे विट्याचे, गलाईचा धंदा, त्यांच्याकडं सोनं तोलायचा काटा. पिस्टन घेऊन गेलो तर ते आधी हसले. चारचाकीचे सुटे भाग त्या काट्यावर पहिल्यांदाच आले म्हणे. नव्या सेटमधल्या दोन पिस्टनमध्ये ११ ग्रॅमचा फरक निघाला! एकाच डब्यातले.

कराड_बोअरिंग

बरोबर केलंत. पिस्टन सगळ्यात हलक्याच्या वजनाला आणायचे, आतल्या बाजूनं पिनच्या खालच्या जाड भागातनं थोडं-थोडं काढायचं, डोक्याला आणि रिंगेच्या भागाला हात लावायचा नाही. दोन-तीन ग्रॅममध्ये आले की पुष्कळ झालं. कनेक्टिंगचं नुसतं एकूण वजन करून भागत नाही, दोन्ही टोकांचं वेगवेगळं करायचं. एक टोक दोरीनं टांगायचं, दुसरं काट्यावर टेकवायचं, दांडा आडवा लेव्हलला ठेवून. मग उलटं.

पिस्टन आणि लायनरमधली जागा पिस्टनवर छापलेली असते बऱ्याचदा, तीच धर. पिस्टन मोजायचा तो पिनच्या काटकोनात, खाली स्कर्टला, डोक्याला नाही, डोकं मुद्दाम बारीक असतं. रिंगेचा गॅप बोअरच्या दर इंचाला साडेतीन-चार थाऊ या हिशोबानं, म्हणजे तुझ्या मापाला १२-१३ थाऊ. स्पर्धेला डिझेल जास्त सोडणार असशील तर वरच्या रिंगेला दोन थाऊ अजून दे, तापून टोकं एकमेकाला भिडली तर रिंग मोडते आणि लायनर खरवडून काढते. हेड बसवायच्या आधी पिस्टनवर शिशाची बारीक तार ठेवून क्रँक एक फेरी हातानं फिरव, चपटी झालेली तार मायक्रोमीटरनं मोज, तेवढीच पिस्टन आणि हेडमधली जागा. चारही सिलिंडरला.

शिराळ्याचा_भाचा

एवढं सगळं करण्यापेक्षा बैलगाडा पळवा, बैलाला बोल्ट नसतात 😂

(पण खरं सांगतो, लय शिकायला मिळालं, सेव्ह करून ठेवलंय.)

वाळव्याचा_पोरगा

सगळ्यांना अपडेट देतोय, उशीर झाला, मधी ऊसतोड चालू होती.

सिरिंजनं वाटी मोजली, डीआय पिस्टनची. दुकानातच मोजली, काउंटरवर काच ठेवून, गिऱ्हाईक जमलं बघायला. ३० नाही, ३४ सीसी भरली. दुकानदार म्हणाला एवढे पिस्टन विकले पण पाणी घालून कुणी मोजले नव्हते. ॲडव्हान्स परत देत नाही म्हणाला, पण त्यात जुन्या पद्धतीचा स्टँडर्ड सेट घेतला, सपाट डोक्याचा, पट्टीवाला. चुंबक लावूनच घेतला. उंची जुन्या पिस्टनशी जुळवून बघितली, बरोबर आहे.

तीन नंबरचा कनेक्टिंग वाकडा निघाला, सहा इंचात ९ थाऊ. अण्णा, सायलेन्सरवर डबा नव्हता. वडिलांना विचारलं तर त्यांना आठवलं, एका पावसाळ्यात हलवायचा होता म्हणून दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून चालू करायला बघितलं होतं आणि "धप्प" करून चाक जागेवर अडकलं होतं. तेव्हा गिअर काढला आणि विसरून गेले. म्हणजे तो तेव्हाच वाकलाय.

एक आणि दोन खडूत स्वच्छ निघाले. चार नंबरला बोल्टच्या भोकाजवळ रेघ दिसली, बारीक, पण दोनदा पुसून दोनदा तिथंच आली. मिस्त्री म्हणाला ओरखडा असेल. मी म्हटलं मग ओरखड्यातनं रॉकेल कसं येतंय. गप्प बसला. मग स्वतःच म्हणाला, हे दोन बदलू.

आता दोन कनेक्टिंग शोधतोय. भंगारवाल्याकडं बी-२७५ चं एक इंजिन आहे, क्रँक तुटलेली, कनेक्टिंग चारही आहेत म्हणतोय. आख्खे चार घेऊ की दोनच घेऊन जुन्या दोनशी वजन जुळवू?

कराड_बोअरिंग

चारही घे. आणि घ्यायच्या आधी विचार क्रँक कशानं तुटली. येताना चारही कॅप सुतळीनं ज्याच्या त्याच्या दांड्याला बांधून आण, पोत्यात मोकळ्या टाकू नको. रविवारी दुकानात ये, सकाळी दहाच्या आत, नंतर वीज जाते.